पेंढ्याचं रेडकू

टाचणीचं टोक पदरातून आत शिरलं होतं आणि चोळीला कुठंतरी टेकून राहिलं होतं. टोचत नव्हतं, पण श्वास घेतला की ते आहे एवढं कळत होतं... आणि त्या टाचणीला धरून ते फूल, सोनेरी कागदाचं, खाली लाल फितीच्या दोन शेपट्या, मधोमध पांढरी चकती, चकतीवर अक्षरं. साळूबाईनं मान खाली घातली. वरून बघताना अक्षरं उलटी दिसत होती. उलट्या अक्षरांची तिला सवय नव्हती. सुलट्यांचीच उशिरा झाली होती. तिनं चकती दोन बोटांनी उचलून आपल्याकडे वळवली आणि एकेका अक्षरावर थांबत वाचलं — वी... र... मा... ता.

माता ठीक. माता ती होतीच.

भोरच्या कॉलेजातला हॉल पोरापोरींनी भरला होता. वर पंखे फिरत होते, पण वारा स्टेजपर्यंत येत नव्हता. स्टेजवर खुर्च्या मांडलेल्या, तिची मधली, आणि पुढ्यात सील न फोडलेली पाण्याची बाटली. मागं फ्लेक्स होता. आत येताना दारातच उभं राहून तिनं तो वाचायला घेतला होता, पण मागून माणसं येत होती. ‘दहशतवाद मोडून काढण्यासाठी परक्या देशात’ इथपर्यंत ती पोचली आणि अमृत सरांनी हाताला धरून तिला पुढं नेलं. उरलेलं त्यांनीच सांगितलं. परक्या देशात फौज घालावी की घालू नये, असा विषय. अर्धी पोरं म्हणणार घालावी, अर्धी म्हणणार नको. ज्याचं बोलणं चांगलं त्याला बक्षीस.

“म्हंजे ज्याचं खरं, त्याला न्हवं?” तिनं विचारलं होतं.

सर हसले होते. माणूस वाईट नव्हता. नातीला, प्रांजलला, त्यांनीच बोलायला शिकवलं होतं, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा. आजीला बोलवायचं हेही त्यांच्याच डोक्यातलं. सकाळी चहाच्या वेळी फूल लावलं तेही त्यांनीच, वाकून, टाचणी लागणार नाही इतक्या जपून. तेव्हा शेजारी रखमाजी सुभेदार बशीतून चहा पीत उभे होते. पेन्शनीत निघालेले, आज परीक्षक म्हणून आलेले. चकती बघून त्यांनी बशी खाली ठेवली आणि तिला विचारलं,

“कुठल्या पलटणीत हुता पोरगा?”

“पलटण न्हाई. भटारखाना,” साळूबाई म्हणाली. “अफगाणिस्तानात. गोऱ्यांच्या छावणीत चपात्या करायला व्हता.”

सुभेदारांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा फुलाकडं, आणि सरांकडं. “मंग हे काय लावलंय, सर?”

सर म्हणाले की व्यापक अर्थानं. सुभेदार म्हणाले, “हां, व्यापक,” आणि बशी परत उचलली. त्या दोघांना तो शब्द कळला होता. तिला कळला नव्हता, पण चहा संपेपर्यंत ती त्या शब्दाभोवती फिरत राहिली, दाव्याला बांधलेली म्हस खुंट्याभोवती फिरते तशी.

...धनाजी वीर नव्हता. घाबरट होता. लहानपणी वस्तीवर वाघराचा आवाज आला की सगळ्यात आधी घोंगडीत. वेल्ह्याच्या बाजारात कुणी मोठ्यानं बोललं तरी आईच्या मागं. हाताला मात्र चव होती. पुण्याला खानावळीत लागला, तिथून मुंबईचा कुणी एजंट भेटला, मग दुबई, आणि दुबईहून पुढं जिथं पगार जास्त होता तिथं. जास्त का होता ते कुणी विचारलं नाही. शनिवारी फोन यायचा. वस्तीवर रेंज नाही म्हणून ती आणि सुलक्षणा, सून, पोरीला कडेवर घेऊन वरच्या टेपावर, उंचवट्यावर, जाऊन उभ्या राहायच्या, समोर तोरण्याचा कडा, आणि त्या कड्याकडं तोंड करून ती ओरडून बोलायची. तो हसायचा. म्हणायचा, आये, हितं आवाज झाला की आमी सगळी टेबलाखाली, गोरी बी आन आमी बी, आन वरनं कणकीची परात सांडती डोक्यावर. भांडी घासायला तिथलाच एक करीम नावाचा माणूस होता. त्यो बी आपल्यावानीच, आये, शेरडं राखणारा, त्याची आई बी ताक घुसळती, फकस्त रवी येगळी हाय.

मग पहाटे कुणीतरी दारूगोळ्यानं भरलेली मोटार फाटकावर आणून घातली. भटारखाना फाटकाशेजारीच होता.

पेटी आली ती बंद. उघडायची नाही असं आणणाऱ्यांनी सांगितलं. वर नाव चिकटवलेलं होतं, आणि हे आपलंच का, एवढं एकच ती विचारत राहिली, आणि कुणीतरी बोट ठेवून वाचून दाखवलं, व्हय काकी, आपलंच. त्या बोटावर विश्वास ठेवून तिनं पोरगा मातीत दिला. पुढं सुलक्षणानं तिला अक्षरं शिकवली, चुलीसमोर, राखेत बोट फिरवून. कधी काळी परत असं कुणाच्या बोटावर विसंबायला नको म्हणून. अक्षरं आल्यावर कळलं की पेटीवरचं नाव इंग्रजीत होतं. तेव्हा अक्षरं आली असती तरी उपयोग नव्हता. सासू-सुना त्या दिवशी हसल्या होत्या. मग सुलक्षणा उठून बाहेर गेली होती.

टाळ्या. साळूबाईनं मान वर केली.

एक उंच पोरगा बोलत होता, बाह्या सारलेल्या. तो म्हणत होता, घरात घुसून मारल्याशिवाय यांना समजत नाही. त्याच्या मानेची शीर फुगली होती. उन्हाळ्यात वस्तीवरसुद्धा असंच झालं होतं, सगळ्यांच्या मोबाईलवर विमानं आणि तोफा, शेजारचा बंडू म्हशी सोडून दिवसभर टेपावर रेंजमध्ये बसलेला, संध्याकाळी खाली येऊन सांगायचा कुठं काय उडवलं, आणि ऐकताना साळूबाईच्या पोटात काहीतरी गरम व्हायचं... खोटं कशाला? व्हायचं. ज्यांनी ती मोटार भरली त्यांचे हात झडावेत, त्यांच्या वंशाला दिवा राहू नये, हे ती रोज देवापुढं म्हणते, निरंजन लावताना, स्पष्ट शब्दांत. हा पोरगा बोलतो आहे ते माझ्या पोटातलंच आहे. मग ते त्याच्या तोंडून ऐकताना मला लाज का वाटते आहे?

मग एक पोरगी आली, चष्मेवाली, कोमल नावाची. ती नको म्हणणाऱ्यांतली. ती म्हणाली, अफगाणिस्तानात परक्या फौजा वीस वर्षं राहिल्या आणि निघून गेल्या, पुन्हा तेच लोक गादीवर बसले. मग मेले ते कशासाठी मेले? चांगलं बोलत होती. तिनं हात केला, उघडा तळहात, थेट मधल्या खुर्चीकडं. या मातेच्या डोळ्यांत बघा, ती म्हणाली, तिथं तुम्हाला उत्तर मिळेल.

सगळ्या हॉलनं तिच्या डोळ्यांत बघितलं.

साळूबाईचे डोळे कोरडे होते. तिला वाटलं, आता रडायला पाहिजे. सगळे थांबलेत. रडले तर हिचं बोलणं पूर्ण होईल, आणि पुढं फौज घालावी म्हणायला प्रांजल उभी राहील तेव्हा रडले तर तिचंही होईल, एकाच पाण्यात दोघींचं... कुणीतरी मोबाईल वर धरला होता. तिनं पदर तोंडाशी नेला तो सवयीनं, आणि फूल करकरलं, कागदाचा कोरडा आवाज.

पेंढ्याचा आवाज.

कुठून आला तो? ती तेव्हा नवी नवरी होती, सासरे सोनबा हयात होते, गोठ्यात चांदी नावाची म्हस होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली. तिचं रेडकू चरायला गेलं ते वरच्या कातळावरून पडून मेलं. आणि रेडकू नाही तर म्हस पान्हा सोडत नाही, दूध कासेतच ठेवते. मग गोठ्यात करतात ते सोनबांनी केलं. कातडं सोडवलं, मीठ लावून वाळवलं, आत पेंढा दाबून भरला, दाभणानं शिवलं, चार पायांच्या जागी चार काठ्या. संध्याकाळी धारेच्या वेळी ते म्हशीपुढं उभं करायचं. म्हस हुंगते, चाटते, वास तर आपल्याच पोराचा, आणि पान्हा सोडते. तेवढ्यात माणसानं चरवी लावायची. सगळ्याच म्हशी करतात. यात वाईट कुणाला वाटत नाही, घरात खाणारी तोंडं असतात.

चांदीनं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग मान खाली घालून शिंगानं ते असं फाडलं की पेंढा आढ्यापर्यंत उडाला, साळूबाईच्या केसांत, चरवीत, सासऱ्यांच्या मिशीत. सोनबा म्हणाले, म्हस बिघडली. दोनदा परत शिवलं, दोनदा तिनं फाडलं. ते वेत तसंच गेलं...

आई, आपल्या प्रांजलचा नंबर, अमृत सर कानाशी म्हणाले.

प्रांजल पांढऱ्या ड्रेसमध्ये माईकसमोर उभी होती. आज पहिली आली तर जिल्ह्याला जाणार, तिथून पुढं. सरांनी तिला सगळं समजावलं होतं. मागल्या रविवारी वस्तीवर येऊन तिनं आजीला भाषण म्हणून दाखवलं होतं, सारवलेल्या अंगणात, शेळ्यांपुढं. भाषणाच्या शेवटी बाप होता. साळूबाई म्हणाली होती, त्यो शिपाई नव्हता पोरी, तसं म्हणू नगंस. आणि प्रांजल म्हणाली होती, आजी, ‘छावणीत होते’ एवढंच म्हणणार, त्यात खोटं काय आहे? त्यात खोटं काही नव्हतं. साळूबाईनं मान हलवली होती. तेवढ्यावर ती आज इथवर आली होती.

पोरगी छान बोलत होती. बोलताना उजव्या हाताचा अंगठा चारी बोटांवरून फिरवत होती, एकसारखा, आतल्या बाजूनं. कुणाच्या लक्षात येणार नाही असं. साळूबाई त्या अंगठ्याकडंच बघत राहिली. कणीक मळून झाल्यावर धनाजी असंच करायचा, बोटांना चिकटलेलं पीठ सोडवायला. हिला कुणी शिकवलं? बालवाडीत होती ही तेव्हा.

टाळ्या पडत गेल्या तसा आवाज चढत गेला. शेवट जवळ आला. साळूबाई तो शेवट ओळखत होती, अंगणातला शेवट, ‘माझे वडील परक्या भूमीवर, त्या छावणीत होते’. तिनं तो मनात आधीच म्हणून टाकला होता.

“माझे वडील,” प्रांजल म्हणाली, आणि थांबली, सरांनी शिकवलं होतं तिथंच थांबली, सगळा हॉल श्वास धरून बसला, पंख्यांचा आवाज तेवढा, आणि त्या शांततेत पोरीचं तोंड बदललं, काहीतरी मोठं हाताशी आलंय हे तिला दिसलं, “माझे वडील परक्या भूमीवर दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले.”

हॉल उभा राहिला.

लढताना. साळूबाईनं तो शब्द ऐकला आणि तो कातड्यात दाबून भरताना पाहिला. मूठ मूठ. धनाजीचं हसणं बाहेर काढलं, घोंगडीत शिरणारी भीती बाहेर काढली, करीमला बाहेर काढलं, परात, कणीक, टेबलाखालचा अंधार, सगळं बाहेर. आणि आत पेंढा. उभा केला. वास तर आपल्याच पोराचा आहे. मला हुंगायला दिला आहे, आणि शेजारी सगळे चरवी घेऊन बसले आहेत, घालावी म्हणणारे इकडं, नको म्हणणारे तिकडं. आणि शिवलंय कुणी? माझ्याच नातीनं. पोरीला बाप पाहिजे होता. चपात्या करणारा बाप घेऊन कॉलेजात कसं मिरवणार? तिचंही खरं होतं. सगळ्यांचंच काही ना काही खरं होतं, आणि त्या सगळ्यांच्या खऱ्यात धनाजी कुठंच नव्हता.

टाळ्या थांबत नव्हत्या. सरांनी माईक तिच्या हातात दिला. आई, दोन शब्द. फक्त आशीर्वाद द्या.

तिनं माईक धरला, चुकीच्या टोकाला. सरांनी नीट करून दिला. प्रांजल खालून बघत होती, गाल लाल, डोळे चमकत होते. मागं सरायला अजून वेळ होता. दोन शब्द, आशीर्वाद, आणि पोरगी जिल्ह्याला जाते.

“हिचा बाप लढत नव्हता,” साळूबाई म्हणाली. आवाज हॉलभर फिरून तिच्याकडंच परत आला, दुसऱ्याच बाईचा असल्यासारखा. “कणीक मळत व्हता. त्याच्या हाताला पीठ व्हतं. शेजारी करीम व्हता, तिथलाच, भांडी घासणारा. त्यो बी गेला. ज्यांनी मारलं त्यांचं वाटोळं व्हऊ दे, रोज म्हणती मी.”

कुठंतरी मागं टाळ्या सुरू झाल्या. कोमलच्या बाजूची पोरं होती, नको म्हणणारी. कोमल उभी राहून वाजवत होती, चष्म्याआड डोळे भरलेले.

“तुमी बी नगा वाजवू,” साळूबाई म्हणाली. “तुमच्या बाजूनं न्हाई बोलले. फौज धाडा न्हाईतर नगा धाडू, तुमी शिकलेली हाय, तुमचं तुमी बघा. पर माझं पोर मधी उभं करू नगा. त्यो भित्रा व्हता. चपाती ग्वाड करायचा. तेवढाच व्हता. तेवढाच ऱ्हाऊ द्या.”

मग तिला टाचणी सापडेना. बोटांनी ती पदर चाचपत राहिली, आणि ते बघणं सगळ्यांना जड गेलं असावं, कारण कुणी खोकलं. शेवटी सुभेदार उठले, टाचणी सोडवून दिली आणि आपल्या जागेवर जाऊन कागदांत डोकं घालून बसले. तिनं फूल बाटलीशेजारी ठेवलं. त्यानंतर कुणीतरी आभार मानले, तिच्या खांद्यावर शाल आली, नारळ आला. परीक्षक निकाल सोमवारी फळ्यावर लावणार असं सांगण्यात आलं.

वेल्ह्याच्या एसटीत प्रांजल खिडकीशी बसली, आजी कडेला. उद्या रविवार म्हणून ती वस्तीवर यायला निघाली होती. ते आधीच ठरलेलं, मोडायचं कसं हे तिला सुचलं नसेल. नसरापूर गेलं. बाजार करून चढलेल्या बाया भाज्यांच्या पिशव्या पायात घेऊन बसल्या.

“माझं भाषण होतं ते, आजी,” काचेकडं बघतच प्रांजल म्हणाली. “सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस.”

“व्हय.”

“मला काय आठवतंय त्यांचं? काहीच नाही. एक फोटो आहे, त्यात पण ते हलले आहेत.”

साळूबाईनं मांडीवरचा नारळ सरळ केला. सांगण्यासारखं होतं, ते अंगठ्याचं, पण आत्ता सांगितलं असतं तर ते समजूत काढल्यासारखं झालं असतं, आणि समजूत काढायला ती तयार नव्हती. पोरीचं वर्ष मी बुडवलं असेल. बुडू दे. सुलक्षणा वरव्याच्या कंपनीतून पाळी करून रात्री फोन करेल, विचारेल काय झालं, मी सांगेन ते झालं. परत बोलावलं तर परत हेच म्हणेन, फूल लावू देणार नाही तेवढा फरक. तिला आपल्या आत कुठं पश्चात्ताप दडलाय का हे बघायचं होतं, तिनं बघितलं, हात घालून कोपरे चाचपावेत तसं. नव्हता. एक मोकळी जागा होती फक्त, भुसकट झाडून काढल्यावर गोठ्यात राहते तशी.

त्या अफगाणी बाईच्या छातीवर कुणी फूल लावलं असेल का? करीमच्या आईच्या. तिच्या पोराला कुठल्या बाजूचा म्हणून मोजलं असेल? गोऱ्यांची भांडी घासणारा, म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नसेल. का तिथंही दोन्ही बाजूंची माणसं तिच्या दारात आली असतील, आपापली चरवी घेऊन... ती ताक घुसळत असेल. रवी वेगळी असेल.

आंबवण्याच्या पुढं गाडी वळली आणि डोंगर जवळ आले. उतरतं ऊन वरच्या कातळांवर राहिलं होतं, खाली सावली. आणि तो कातळ बघताना साळूबाईला चांदीचं उरलेलं आठवलं, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, सासऱ्यांना नाही, नवऱ्याला नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी चरवी घेऊन तिथंही गाठलं असतं. म्हस बिघडली नव्हती. रोज कळप परतायच्या वेळी ती मागं राहायची. एकदा तिला हाकायला साळूबाई वर गेली तेव्हा चांदी त्या कातळाच्या कडेला उभी होती, रेडकू पडलं तिथं, खाली बघत, हंबरत नव्हती, काही नाही. पुढं कुणी उभं केलेलं नव्हतं. आणि कासेतून आपोआप, थेंब थेंब, दूध खाली दगडावर पडत होतं, सड न पिळता, आणि उन्हानं तापलेल्या कातळावर पडल्या पडल्या वाळत होतं. नवी नवरी ती, काठी हातात, बघत उभी राहिली होती. हाकलं नव्हतं तिनं. अंधार पडेपर्यंत नाही.

भित्रा होता. चपाती गोड करायचा.

शेजारी प्रांजलनं काचेला डोकं टेकलं होतं, डोळे मिटले होते की उघडे ते कळत नव्हतं. मांडीवरच्या हाताचा अंगठा बोटांवरून फिरत होता. साळूबाईनं खांद्यावरची शाल बाजूला सारली, पदर नीट करायला गेली, आणि टाचणीनं पडलेलं बारीक भोक बोटाला लागलं. बोट तिथंच राहिलं. मग त्या बोटावर काहीतरी पडलं, कोमट, आणि पुन्हा पडलं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. तिनं ते पुसलं नाही, मान ताठ ठेवून समोर बघत राहिली, आणि गाडी घरघरत चढाला लागली.